फट नसलेलं कापड

दातांच्या डॉक्टरांना हृदयाच्या डॉक्टरांनी सांगितलं, "हाताला असं काहीतरी काम द्या, जे ओरडत नाही."

आयुष्यभर लोकांच्या तोंडात डोकावून डॉक्टरांची मान आखडली होती आणि स्वभावही. आता रक्तदाबाने उचल खाल्ली होती. त्यांची बायको दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत बसून पेशंटना वेळा द्यायची. तिने इकडेतिकडे चौकशी केली आणि टेबलावर मावेल असा छोटा हातमाग मागवला. माग कसला, खेळणंच ते. एक लाकडी चौकट, उभे धागे ताणून धरणारे दोन रूळ आणि मध्ये फणी. फणी वर केली की अर्धे धागे वर, खाली केली की तेच खाली. मधे जी वाट होते तिच्यातून आडव्या धाग्याचा धोटा सरकवायचा आणि फणीने तो धागा हलकेच जागेवर ठोकायचा.

यातलं 'ठोकायचा' डॉक्टरांना फार आवडलं. 'हलकेच' त्यांनी ऐकलंच नाही.

त्याला कारण होतं. जिथे फट तिथे कीड, हे त्यांनी पेशंटना इतक्या वेळा ऐकवलं होतं की ते त्यांच्या हाडीमांसी खिळलं होतं. दाढेत सिमेंट जसं दाबून भरावं तसा प्रत्येक धागा ते दाबून भरायचे. लोकरही त्यांनी गालिचासाठी वापरतात ती निवडली, कारण दुकानदार म्हणाला, ही तुटत नाही. पहिला मफलर तयार झाला तेव्हा त्यांनी तो टेबलावर उभा केला, आणि तो उभा राहिला.

"बघ, कणा आहे याला," डॉक्टर म्हणाले.

बायकोने मफलर हातात घेतला. कडेचा धागा ओढून घेतल्यामुळे तो दोन्ही टोकांना रुंद आणि मध्ये चिंचोळा झाला होता. "याला कंबर आली की हो."

"ती मानेची जागा आहे. मुद्दाम ठेवलीय."

माणूस घरात तडतड करत नव्हता, त्याच्या बदल्यात एखाद्या मफलरची कंबर बायकोला जड नव्हती.

डॉक्टरांनी माग दवाखान्यातच मांडला, पेशंटच्या खुर्चीशेजारी. भूल चढेपर्यंतचा वेळ पूर्वी ते खिडकीबाहेर बघत काढायचे, आता चार धागे विणून घ्यायचे. मग मास्क वर चढवून, पेशंटच्या तोंडात आरसा आणि लाळ ओढायची नळी घालून विचारायचे, "काय मुख्याध्यापक, टेबलावरचा रुमाल बघितलात? कसा वाटतो?"

"आँ... आँ," मुख्याध्यापक म्हणायचे.

"रंगसंगती ना? बायको म्हणाली, तपकिरीत जांभळा नको. मी म्हटलं, ज्याला नजर आहे त्याला कळेल."

"आँग्ग."

"अगदी बरोबर बोललात."

ड्रिल हातात असलेल्या माणसाला विरोध करील असा शूर त्या गावात जन्मला नव्हता. बेकरीवाल्याने एकदा मान हलवून 'नाही' म्हणायचा प्रयत्न केला, तेव्हा डॉक्टर कळवळून म्हणाले, "दुखतंय का? थांबा, अजून एक सुई देतो." पुढच्या खेपेला बेकरीवाला आत शिरतानाच म्हणाला, "वा! काय कापड आहे!" असं करत करत गावातल्या तमाम किडक्या दातांनी डॉक्टरांना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं.

झाडावर चढलेल्या माणसाला जे सुचतं तेच त्यांनाही सुचलं. त्यांनी प्रदर्शन भरवलं. दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत दोऱ्या बांधून रुमाल, मफलर, उशांचे अभ्रे आणि दोन पट्टे जोडून शिवलेलं एक जाकीट टांगलं. लोक आले, आणि चांगले भरभरून आले. दुपारपर्यंत दोऱ्या मोकळ्या झाल्या. जाकीट विमा एजंटाने नेलं. ते घातल्यावर त्याचे हात खाली येईनात, त्यामुळे रस्त्याने जाताना तो सगळ्यांना आशीर्वाद देत चालल्यासारखा दिसत होता.

बायको मात्र आलेला एकेक चेहरा बघून विचारात पडली. वेळा तीच द्यायची, त्यामुळे कुणाच्या तोंडात काय शिल्लक आहे हे तिला पाठ होतं. एजंटाची कवळी व्हायची होती, मुख्याध्यापकांची दाढ अर्धी कोरलेली होती आणि बेकरीवाल्याच्या दातावर तात्पुरती टोपी होती. ज्यांचं काम पुरं झालं होतं, त्यातला एकही फिरकला नव्हता.

"अहो, एक सांगू का?" तिने रात्री विचारलं.

"आधी माझं ऐक," डॉक्टर म्हणाले. "मी दवाखाना सूनबाईंच्या हवाली करतो. आता फक्त विणणार."

सूनबाईही दातांच्याच डॉक्टर होत्या आणि बरीच वर्षं दुसऱ्याच्या दवाखान्यात राबत होत्या. त्यांनी आनंदाने होकार दिला. बायकोने तोंडाशी आलेलं गिळलं.

समोरच्याच गाळ्यात डॉक्टरांनी दुकान थाटलं. काचेत रुमाल मांडले, माग मध्यभागी ठेवला, पाहुण्यांसाठी दोन खुर्च्या टाकल्या आणि वाट बघत बसले. पहिला आठवडा त्यांना वाटलं, लोकांना अजून कळलं नसेल. मग दिसू लागलं की लोकांना नीटच कळलंय. दवाखान्यातून बाहेर पडलेला पेशंट दुकानासमोर आला की त्याला एकदम फोन यायचा. मुख्याध्यापक तर पलीकडच्या फुटपाथवरून, भिंतीकडे तोंड करून जायचे, जणू भिंतीवर कुणी शुद्धलेखनाच्या चुका करून ठेवल्यात.

एका सकाळी डॉक्टर पाव आणायला गेले. बेकरीवाल्याने भट्टीतून तापलेला पत्रा बाहेर ओढला तो तपकिरी-जांभळ्या रुमालाने धरून.

डॉक्टरांनी रुमाल लगेच ओळखला. बेकरीवाल्याच्या दातावर आता पक्की टोपी बसली होती, तेव्हा खरं बोलायला हरकत नव्हती. "डॉक्टरसाहेब, खोटं नाही सांगत, हाताला आच म्हणून लागत नाही. अजून दोन मिळतील का?"

बऱ्याच दिवसांत आलेलं हे पहिलं गिऱ्हाईक. डॉक्टर पाव न घेताच घरी आले.

त्याच सुमाराला त्यांची थोरली बहीण आली. ताईंची कवळी सैल झाली होती, ती सूनबाईंकडून नीट करून घ्यायची होती. ताई भूगोलाच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या, पण वर्गावर तास अजून घेत होत्या. वर्ग म्हणजे समोर सापडेल तो. डॉक्टरांनी मोठ्या आशेने त्यांच्या खांद्यावर आपली सर्वांत मोठी शाल पांघरली.

"कशी आहे, ताई?"

साऱ्या गावात ताई एकट्याच अशा होत्या, ज्यांच्या तोंडात डॉक्टरांनी उपटावं असं काही उरलं नव्हतं.

"काढ आधी ही," त्या म्हणाल्या. "मानेला काटे टोचतायत. अरे, शाल विणलीस की दार? आणि या दशा बघ, दशा! एक लांब, एक आखूड. शालीच्या दशेवरून विणणाऱ्याची दशा कळते."

"वन्सं, चहा घेता?" बायको घाईने मध्ये पडली.

"थांब गं. याला कुणी सांगितलंच नसणार." ताईंनी शाल दिव्यासमोर धरली. पलीकडचा उजेड कणभरही दिसेना. "इतकं दाबून का भरलंस?"

"फट राहू नये म्हणून," डॉक्टर पुटपुटले.

"राहू दे की! कापड आहे ते, दाढ नाही."

डॉक्टरांचा चेहरा पडला. पूर्वीचे डॉक्टर असते तर त्यांनी दातओठ खाल्ले असते. आता ते मुकाट्याने दुकानात जाऊन बसले आणि शाल उसवायला लागले. उसवणं काही सोपं नव्हतं. ठोकून बसवलेला एकेक धागा अक्कलदाढेसारखा रुतलेला होता. संध्याकाळी बायको चहा घेऊन गेली, तेव्हा लोकरीच्या ढिगाऱ्यात बसून त्यांनी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"काय?"

"लोक का यायचे ते."

"होतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"एकदा सांगायला आले होते," ती म्हणाली. "आणि खरं सांगू? माझ्याही दोन दाढा तुमच्याकडेच व्हायच्या होत्या."

डॉक्टर हसले. आधी नाकातल्या नाकात, मग चहा सांडेपर्यंत.

त्यांनी मऊ लोकर आणली. बहिणीला समोरच्या खुर्चीत बसवून, विणता विणता दर वीतभर कापडाला विचारू लागले. ताई दर वीतभर सांगू लागल्या. "सैल झालं." "कड आत ओढतोयस." "हं, आता जमतंय, पण फुशारू नको." त्या वेळी त्यांची कवळी दुरुस्तीला दिलेली होती, तरी त्यांचा शब्दन् शब्द डॉक्टरांना स्वच्छ समजत होता. इतकं स्पष्ट मत उभ्या आयुष्यात कुठल्याही उघड्या तोंडाने त्यांना दिलं नव्हतं.

शाल झाली. फार सुंदर नव्हती, पण अंगावर पडत होती. ताईंनी ती पांघरली, चाचपली, आणि "लांबीला जरा कमीच केलीस," असं म्हणून तिच्यातच झोपून गेल्या.

डॉक्टर परत दवाखान्यात गेले नाहीत. जायचं म्हटलं तरी कुणी येऊ दिलं नसतं. सूनबाई कुणाला काही विचारत नव्हत्या, आणि लोक त्यांच्यासमोर निवांत तोंड उघडून पडत होते. दुकान चालू राहिलं. बेकरीवाल्याला त्याचे जाड रुमाल मिळाले, दाबून ठोकलेले. ते काम डॉक्टरांच्या हातचा मळ होतं.

ताई आपल्या घरी परतल्या त्या रात्री बायको त्यांच्यासमोर येऊन बसली. "आता घरात खरं बोललेलं चालतंय ना?"

"चालतंय."

"मग सोफ्यावरची ती आवरणं काढा. बसलं की पाठ सोलवटते. मोरीसमोरचं पायपुसणं पाणी टिपत नाही, पाणी त्याच्यावरून वाहून जातं. पडद्याने उन्हं अडतात, पण वाराही अडतो. आणि माझ्या उशीचा अभ्रा..."

"थांब, थांब," डॉक्टर म्हणाले आणि खुर्ची ओढून तिच्या जवळ सरकले. "एकेक सांग. घाई नाही."