सुईत दोरा नसलेला फोटो

मित्रांनो, आमच्या घरातल्या नातीची एक खोड मला मुळीच खपत नाही. कामाला हात लावण्याआधी तिला फोटो लागतो.

मी एक जुनी शिलाई मशीन आहे. शिक्षणाच्या नावानं शून्य. माझ्या अंगावर सोनेरी अक्षरांत माझंच नाव होतं, तेही मला कधी वाचता आलं नाही, आणि आता ते पुसूनही गेलं. पण पायडलवर पाय पडला की माणूस किती पाण्यात आहे ते मला कळतं.

कारखान्यातून निघाले ती थेट हिच्या आजोबांच्या दुकानात आले. गिऱ्हाईकं शिवण उलटून बघत आणि आजोबांना शाबासकी देत. मला कुणी दिली नाही, ते जाऊ द्या. पुढे आजोबांना अर्धांगाचा झटका आला, उजवा हात वर जाईना. दुकान बंद झालं. मी घरी आले आणि माझ्यावर किल्ल्या, औषधं, ओले टॉवेल पडू लागले. थकले होते. पडून राहिले.

यंदा नातीला कॉलेजचा अर्ज भरायचा होता. सुट्टीत काय केलंत, तेही तिथं विचारतात म्हणे. हिनं धडाकाच लावला. चित्रकला झाली, पोहणं झालं, कसलासा भाषणाचा वर्ग झाला. फोटो सगळ्यांचे, धड शिकली त्यातलं एकही नाही. शेवटी माझ्यावरच्या किल्ल्या हलल्या, ही ऐटीत बसली, ‘गरजूंसाठी शिवणकाम’ असा फोटो काढला आणि उठली.

कॉलेजात शिकवणाऱ्या आत्यानं तो फोटो बोटांनी मोठा केला. "कुणासाठी शिवत होतीस गं?"

"असंच. गरजूंसाठी."

"सुईत दोराच नाहीये."

पलंगावर आजोबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं. पोरीचा चेहरा मात्र पडला.

संध्याकाळी आईनं आजोबांना सदरा घालायला घेतला. दुखरा हात बाहीत सरकवायचा, त्यांनी दात आवळायचे, नातीनं दुसऱ्या खोलीत पळायचं, हे रोजचंच. त्या दिवशी ही पळाली नाही. बघत उभी राहिली.

सकाळी तिनं सुईत दोरा ओवला. आजोबांच्या सदऱ्याला खांद्यापासून मनगटापर्यंत उघडणारी, टिचबटणांची बाही करायची होती. आजोबा पलंगावरून शिकवत, म्हणजे बोलणी ऐकवत. तिनं चाक उलटं फिरवून दोरे तोडले, सुया मोडल्या, एक बाही तर चक्क गळ्याला जोडली. माझे सांधे कुरकुरत होते, तेलाचा थेंब नाही. किती सदरे वाया गेले, मग एक आजोबांच्या अंगात गेला. हात उचलावाच लागला नाही. ते डाव्या हातानं शिवण उलटून बघत बसले.

आत्या म्हणाली, आता काढ फोटो.

"थांब गं," नात मान वर न करता म्हणाली, "एक धुतला तर घालायला दुसरा नको का?"

अर्जात तिनं काय लिहिलं, मला वाचता येत नाही. पण ‘कुणासाठी’ याचं उत्तर आता तिच्यापाशी आहे.

मित्रांनो, घरातल्या म्हाताऱ्यांवर किल्ल्या ठेवू नका. आमच्या अंगात अजून काम असतं, थोडं तेल लागतं इतकंच. नातीलाही मी खडखडाट करून मोठ्यानं सुनावलं, "पोरी, कामाची झालीस. पण उद्या तेल न घालता बसलीस, तर बघ, दोरा तोडीन."