सोळा सकाळी

कपातल्या चहाचा पृष्ठभाग अगदी सपाट होता. त्यात खिडकी उलटी दिसत होती, गजांसकट, आणि एकही गज वाकडा नव्हता. कप बाबांच्या हातात होता, टेबलापासून वीतभर वर. त्यांची नजर वर्तमानपत्रावर होती, म्हणजे हाताकडे त्यांचं लक्षही नव्हतं.

दर रविवारी ती नऊला माहेरी यायची. आज नवऱ्याला कामावर सोडून परस्पर आली, म्हणून साडेसातलाच दारात उभी होती.

"अगं, तू आत्ता?" बाबांनी कप खाली ठेवला. जरा घाईनेच. "मोजपट्टीचं घड्याळ बिघडलं की काय?"

मोजपट्टी हे तिला आईने ठेवलेलं नाव. लहानपणी चॉकलेटची वाटणी करायची तरी ही कंपासपेटी घेऊन बसायची.

"बिघडलं नाही. लवकर आले," ती म्हणाली. बाबांचे दोन्ही हात तोवर टेबलाखाली गेले होते.

अकरा वर्षांपूर्वी आईने बाबांना स्वतःची एक किडनी दिली. शरीराने ती परकी म्हणून नाकारू नये यासाठी त्यांना गोळ्या सुरू झाल्या, सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन, जन्मभरासाठी. या गोळ्यांनी किडनी टिकते आणि हात थरथरतात, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. दोन्ही गोष्टी तशाच झाल्या. अकरा वर्षं त्या घरात बाबांचा कप पाऊणच भरला जायचा, आणि तेवढ्या चहावरही बारीक वर्तुळं सतत उठत राहायची. आई म्हणायची, "तुमच्या चहात मासोळी आहे."

आज मासोळी नव्हती. तिला आधी बरंच वाटलं. ते बरं वाटणं चपला काढून आत येईपर्यंत टिकलं. मग तिच्या लक्षात आलं, की गेले कित्येक रविवार आपण बाबांना चहा पिताना पाहिलेलंच नाही. नऊला यावं, तर "माझा केव्हाच झाला" असं उत्तर ठरलेलं.

गुरुवारीच तीन महिन्यांची तपासणी झाली होती. किडनी थकू लागली की रक्तात क्रिएटिनिन वाढतं. बाबांचं गेल्या वर्षी एक पूर्णांक तीन होतं, आता एक पूर्णांक नऊ. औषधाची रक्तातली पातळी मात्र जिथे हवी तिथेच. डॉक्टरांनी दोन्ही आकडे पुन्हा पुन्हा पाहिले.

"गोळ्या वेळेवर घेताय ना, काका?"

"घड्याळ लावून," बाबा म्हणाले होते.

"मग हे का वाढतंय? पुढच्या महिन्यात किडनीचा बारीकसा तुकडा काढून तपासू या."

त्या रविवारी ती काही बोलली नाही. पक्कं कळल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, ही तिची सवय. तिने भांडी आवरली, औषधांच्या डब्याकडे एकदा पाहिलं, आणि घरी गेली.

ती शहराच्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत काम करायची. वीस वर्षं बाटल्यांवर चिठ्ठ्या लावल्या होत्या. सोमवारी एका वसाहतीतून तक्रार आली, की तिथली मुलं महिनाभर आजारी पडताहेत. त्या वसाहतीच्या पाण्याचे आधीचे तिन्ही नमुने निर्मळ होते. वरिष्ठांनी चष्मा कपाळावर चढवला.

"आपण जाणार हे यांना आधी कळवतो ना आपण?"

"हो सर. आठवडाभर आधी. तसा नियमच आहे."

"मग काय! पाहुणे येणार म्हटल्यावर पाणीसुद्धा अंघोळ करून, भांग पाडून बसतं. उद्या न सांगता जा."

मंगळवारी ती न सांगता गेली. टाकीवर झाकण नव्हतं. नमुना नेहमीच्याच नळाचा, नेहमीसारखाच घेतलेला, आणि पाणी गढूळ. परतताना बाटली मांडीवर धरून ती गाडीत बसली होती. आणि एकाएकी तिला बाबांची तपासणी आठवली. त्या तपासणीचाही दिवस आधीच ठरलेला असतो.

बुधवारी दुपारी अर्धी रजा टाकून ती माहेरी गेली. बाबा झोपले होते. औषधांच्या डब्यात एक तारखेला आणलेल्या एकशेवीस गोळ्यांची पाकिटं होती. आज एकवीस तारीख. तिने मोजलं, मग पाकिटं उलटी करून पुन्हा मोजलं. अडतीस उरायला हव्या होत्या. सत्तर होत्या.

बत्तीस जास्त. म्हणजे सोळा वेळा दोन, आणि हात थांबलेला दिसला होता तो सकाळी. महिन्याच्या एकवीस सकाळी झाल्या, त्यांतल्या पाचच सकाळी गोळ्या घेतल्या गेल्या होत्या. त्या पाच कोणत्या, हे तिला कुणी सांगायला नको होतं. तपासणीच्या अगदी आधीच्या.

ती पाकिटं घेऊन पुढच्या खोलीत बाबांच्या कामाच्या टेबलाशी जाऊन बसली. बाबा कवळ्या बनवायचे. दातांचे डॉक्टर माप पाठवायचे, बाबा प्लास्टरचे साचे ओतायचे, गुलाबी मेणात एकेक दात बसवायचे. फळ्यांवर जबडे ओळीने मांडलेले असत. "या घरात माणसं दोन आणि दात दोन हजार," असं ते नव्या माणसाला हमखास ऐकवायचे. हात थरथरू लागल्यावर दात बसवायचं काम आईने शिकून घेतलं. प्लास्टर, घासणं, चकाकी हे बाबांकडे. मेण आणि दात आईकडे. नऊ वर्षं असं चाललं. आई झोपेतच गेली, हृदयविकाराने, त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून दातही बाबाच बसवत होते, आणि "आता बंद करा हो" असं तिने कितीदा म्हटलं होतं. बाबांचं उत्तर दर वेळी वेगळं आणि अर्थ एकच: एवढा उन्हाळा जाऊ दे, हातातली चार कामं संपू देत, बघू.

"दात मोजतेयस?" बाबा दारात उभे होते.

"गोळ्या मोजल्या."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या पुढ्यातल्या पाकिटांकडे. पायाने स्टूल ओढून ते बसले.

"किती निघाल्या?"

"बत्तीस जास्त."

"तेवढ्याच असतील," ते म्हणाले. हिशेब बरोबर आल्यासारखी त्यांनी मान हलवली.

"कधीपासून, बाबा?"

"पाच महिने. दातांच्या डॉक्टरबाईंकडून एकाच महिन्यात दोन कवळ्या परत आल्या. डावीकडचे दात टेकतच नाहीत म्हणे. मी पाहिल्या. खरंच टेकत नव्हते. चाळीस वर्षांत माझी कवळी परत आली नव्हती गं."

"म्हणून गोळ्या सोडायच्या?"

"सोडल्या कुठे? संध्याकाळच्या घेतो की. सकाळच्या तेवढ्या... सकाळी उजेड चांगला असतो. हात थांबतो. तुला नाही कळायचं, अकरा वर्षांनी हात थांबला तर कसं वाटतं."

"मला आकडा कळतो. एक पूर्णांक नऊ." तिचा आवाज चढला नव्हता. "डॉक्टर तुमच्या पोटात सुई घालून तुकडा काढणार आहेत. कशासाठी, तर कारण सापडत नाही म्हणून. आणि कारण इथे डब्यात पडलंय. तपासणीच्या आधी पाच दिवस पूर्ण गोळ्या. हे सुचलं तरी कसं तुम्हाला?"

"तूच एकदा सांगितलंस. साहेब येणार म्हटलं की लोक टाकी धुतात म्हणून."

सांगितलं होतं खरं, जेवताना, हसत हसत.

"ती आईची किडनी आहे, बाबा."

"मला माहीत नाही होय?" बाबा पहिल्यांदाच तडकले. "तिने ती कशाला दिली? मी इथे बसून काम करावं म्हणूनच ना?"

"तुम्ही जगावं म्हणून दिली."

"तेव्हा ते दोन्ही एकच होतं," बाबा म्हणाले.

बाहेर कुणीतरी सायकलची घंटा वाजवत गेलं. टेबलावर पितळी बिजागरीच्या चौकटीत एक कवळी अर्धी लागली होती. शेजारी एका म्हाताऱ्या बाईंचा तरुणपणीचा फोटो, काचेखाली जपून ठेवलेला. खालचे दात बसले होते, वरचे सहा बाकी होते.

"मी बसवते," ती एकदम म्हणाली. "तुम्ही सांगा, मी बसवते. संध्याकाळी येत जाईन. आईनेही शिकूनच घेतलं होतं."

बाबांनी स्पिरिटचा दिवा पेटवला आणि सुरी तिच्या हातात दिली. मेण किती मऊ करायचं, दात कुठे टेकवायचा, एवढंच ते सांगत होते. ती खाली वाकून काम करत होती. तिचे हात चांगले होते, वीस वर्षांत तिच्या हातून एक काचनळी फुटली नव्हती. पाऊण तासाने सहाही दात लागले. तिने पट्टी लावून पाहिली. एका रेषेत होते, दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या.

बाबांनी चौकट उजेडात धरली. बराच वेळ पाहिलं. मग त्यांच्या मिशीखाली हसू आलं.

"काय झालं?"

"छान आहे. पण ही कवळी नाही झाली, पोरी. कुंपण झालं."

तिलाही हसू आलं आणि त्याच हसण्यात डोळे भरले.

"माणसाचे दात असे नसतात," बाबा हळूच म्हणाले. "हा फोटो बघ. उजवीकडचा दुसरा दात जरासा वळलाय, दिसला? तुझी आई प्रत्येकाचा जुना फोटो मागवायची. तो वळलेला दात ती तसाच वळवून द्यायची. लोक आरशात बघायचे आणि रडायचे. त्यांना कळायचं नाही का ते." त्यांनी चौकट खाली ठेवली. "मी थोडंफार शिकलो तिचं बघून. हात थांबला तर जमतं. थांबला तरच."

"मी शिकेन. वेळ लागेल, पण शिकेन."

"तू वळवशीलही. किती अंशांत, ते विचारून." त्यांनी तिच्या डोक्यावर टप्पल मारली. "तुझं काम वेगळं आहे. ते तू चांगलं करतेस. पकडलंस की मला."

तिने डोळे पुसले. "आज सकाळच्या राहिल्या त्या राहिल्या. आता एकदम जास्त घ्यायच्या नाहीत. संध्याकाळच्या वेळेवर. आणि डॉक्टरांना आत्ता फोन करून खरं सांगायचं. मी लावून देते, पण सांगायचं तुम्ही."

"रागावतील."

"रागावू देत."

"किडनी वाचेल?"

तिला खोटं बोलता येत नव्हतं, कधीच आलं नव्हतं. "गेली तेवढी परत येणार नाही. बाकीची टिकू शकते. आजपासून नीट घेतल्या तर."

बाबांनी मान हलवली. त्यांचा एक हात पोटाच्या उजव्या बाजूला गेला होता, खाली, जिथे आईची किडनी बसवली होती. तो तिथेच राहिला.

तिने डॉक्टरांचा नंबर शोधायला बाबांचा फोन उचलला, तोच तो वाजला. दातांच्या डॉक्टरबाई होत्या. पंचवीस वर्षं त्या बाबांकडे काम पाठवत होत्या.

"ताई का? बाबा आहेत? त्या आजींची कवळी कुठवर आली ते विचारायचं होतं. आणि अजून दोन मापं तयार आहेत माझ्याकडे, पाठवू का उद्या?"

तिने बाबांकडे पाहिलं. "उद्या कळवतो" असं आपणच सांगून टाकावं, असं तिला क्षणभर वाटलं. पण बाबांनी हात पुढे केला. ते उभे राहिले, पोटावरचा हात काढून सदरा खाली ओढून नीट केला, आणि मोठा माणूस समोर आल्यासारखे ताठ झाले.

"नमस्कार, डॉक्टरबाई. मापं पाठवू नका. आजींचा फोटो आणि साचा मी उद्या तुमच्याकडे पोचता करतो, दुसऱ्या कुणाकडून करून घ्या." त्यांनी फळीवरच्या जबड्यांच्या रांगेवरून एकदा नजर फिरवली. "दात बसवायचं काम मी आजपासून बंद केलं."