ठकूबाईंची गाणी आणि मी

मित्रांनो, मी कोण असं विचारलंत तर मी जरा घुटमळते. गुलाबरावांच्या संगणकातली जुनी हार्ड डिस्क मी, एवढं नक्की. पण माझ्यातलं काय उरलं आणि काय गेलं, हा घोळ अजून मिटलेला नाही.

मी कुठे बनले ते मला धड आठवत नाही. माझं खरं आयुष्य भिलाईच्या सेक्टर १० मधल्या क्वार्टरमध्ये सुरू झालं. गुलाबराव तेव्हा तिथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये नोकरीला होते. ड्युटीवरून आले की ते मराठी टायपिंगचा प्रोग्राम उघडत. त्यांच्या पत्नी ठकूबाई शेजारी बसून स्वतः जुळवलेली गाणी म्हणत. त्यांना लिहिता येत नव्हतं. त्या म्हणत, गुलाबराव टाइप करत आणि मी सांभाळून ठेवी. "आमची डिस्क लय इमानदार हाय," असं गुलाबराव पाहुण्यांना सांगत, तेव्हा मी जरा जास्तच घरघरत असे.

पुढे ते निवृत्त झाले. क्वार्टर झाडूनपुसून त्यांनी किल्ली परत दिली आणि दोघं भिलाईतल्याच रुआबांध्याच्या स्वतःच्या घरात आले. तिथे ठकूबाई मोठ्या आजारातून उठल्या, पण गाणी पार विसरल्या. विहारातल्या बायांना तर बुद्धपौर्णिमेला त्यांचीच गाणी म्हणायची होती. आता ती फक्त माझ्याकडे होती, आणि मी अडखळायला लागले होते. म्हणून घरात नवी डिस्क आली.

गुलाबरावांनी आम्हा दोघींना एकाच संगणकात जोडलं आणि माझ्यातलं सामान तिकडे हलवायला घेतलं. गाणी गेली, मागोमाग तो प्रोग्रामही गेला. मला वाटलं, नक्कल काढत असतील. पण चाचपावं तिथे रिकामं. तिकडे नवीवर प्रोग्राम उघडेना. त्याच्याविना गाणी उघडली तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चौकोन. मग गुलाबरावांनी मला एकटीला चालू केलं. माझ्या नोंदीत प्रोग्राम इथेच राहत होता, पडद्यावर त्याचं चित्रही होतं, आत मात्र काहीच नव्हतं. नवीकडे सामान होतं पण ते कुठं लावायचं हे तिला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, तर माझ्याकडे सामान नव्हतं. आमची दोघींची मती गुंग झाली.

दुर्गला सासरी असलेली लेक खुशबू आली, तेव्हा गुलाबराव मला उरलीसुरली पुसून भंगारात द्यायच्या बेतात होते.

"बाबा, तुमी कॉपी नाई, कट केलं?" तिनं विचारलं.

"मंग? एका मानसाच्या नावावर दोन क्वार्टर राह्यते का? नव्याचा ताबा घेतला का जुनं खाली करून द्या लागते. जिंदगीभर तेच केलं."

"हे क्वार्टर नोहे, बाबा. प्रोग्राम असा उचलून नेला तं चालत नाई. त्याची अर्धी मांडणी जुन्या डिस्कमंदीच राहून गेली. हे पुसली असती, तं आईचे गाने कोनालेच वाचता आले नसते."

गुलाबरावांनी माउसवरचा हात काढला आणि खुर्ची लेकीला दिली. मला त्यांचा राग आला होता, तो तिथेच ओसरला.

खुशबूनं सगळं सामान माझ्यात होतं त्याच जागी परत ठेवलं. मी फार घाबरले होते. आपलंच घर आपल्याला ओळखेल की नाही, कोण जाणे. प्रोग्राम उघडला. तिनं पहिलं गाणं मोठ्यानं वाचलं:

"भट्टीच्या उजेडात माय भाकर थापते,
लेकीच्या पाटीवर भीमाचं नाव शोधते."

"कोनाचं हाय वं हे गानं?" ठकूबाईंनी विचारलं.

"तुयंच हाय, आई."

ठकूबाई पडद्याजवळ सरकल्या. मग म्हणाल्या, "मंग मले शिकव."

खुशबूनं सगळी गाणी कागदावर छापून घेतली आणि नव्या डिस्कला वाचता येतील अशीही करून ठेवली. मित्रांनो, नव्या जागी सगळं नीट चालतं हे बघितल्याशिवाय जुनं पुसू नका, एवढं माझं ऐका. ती गाणी आता माझ्यात आहेत, नवीत आहेत आणि कागदावरही आहेत. मग ती नेमकी राहतात कुठे, हे मला अजून उमगलेलं नाही. सध्या खुशबू माहेरीच थांबली आहे. ती एक ओळ म्हणते, आणि ठकूबाई ती हळूहळू तिच्यामागून म्हणतात.