मी टाळ नव्हे, गाडीतली घंटी

मित्रांनो, तुम्ही मला पाहिलेलं नसेल. पण दुबई-अबू धाबीच्या मोठ्या रस्त्यांवरून कधी गेला असाल, तर ऐकलं नक्की असेल. मी एक जुनी घंटी आहे. देवळातली नव्हे, शाळेतली नव्हे, सायकलची तर नव्हेच. एका पांढऱ्या गाडीच्या डॅशबोर्डच्या आत, वायरींच्या गुंत्यात मी बसते. वेगाचा काटा एकशेवीसच्या पुढे गेला की मी वाजू लागते, टिंग, टिंग, टिंग, आणि तो खाली येईपर्यंत थांबत नाही. देवानं मला एवढं एकच काम दिलं.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. आखाती देशांत जाणाऱ्या गाड्या तिथे वेगळ्या रांगेत उभ्या असत. तिकडचे रस्ते सरळ, गुळगुळीत, आणि माणसांना घाई फार! म्हणून त्या गाड्यांत माझ्यासारखी एकेक घंटी बसवत. जहाजातून येताना मला वाटायचं, आपली केवढी वाट पाहत असतील लोक तिथे!

पहिले मालक दुबईच्या देरा भागातले एक व्यापारी. मी वाजले की ते रेडिओ मोठा करत. एकदा माझी वायरच कापायला ते गॅरेजमध्ये गेले. पण त्यासाठी अख्खा डॅशबोर्ड उघडावा लागेल, दिवसभर गाडी ठेवावी लागेल, असं कळल्यावर "खलास, टाइम नहीं है" म्हणत निघून आले. त्यांच्या घाईनंच मला वाचवलं म्हणायचं.

पुढे त्यांनी गाडी विकली, आणि ती घेतली प्रल्हादरावांनी. रास अल खैमातल्या एका टाइल्सच्या कारखान्यात ते इंजिनिअर. बायको उर्मिला, मुलगी अस्मी. गाडी घरी आली, तिला हळदकुंकू लागलं, समोर छोटे गणपती बसले आणि स्पीकरवर कीर्तन सुरू झालं. मित्रांनो, इतकी वर्षं मी हॉर्न आणि शिव्या ऐकत आलेली! बुवांचा तो भरदार आवाज, मागे पेटीचा सूर, मध्येच एखादा दृष्टांत आणि लोकांचं खळखळून हसणं... माझ्या वायरींत कुणी साखर घातल्यासारखं वाटलं मला.

पण एक गंमत होती. निरूपण संथ चालू असलं की प्रल्हादरावांचा पायही संथ. आख्यान रंगलं की काटा वर सरकायचा. आणि शेवटचा नामाचा गजर द्रुत लयीत गेला, की पाय थेट खाली! मग मी वाजायचे.

"ऐकलंस का गं उर्मिला? गाडीनं टाळ धरला!" प्रल्हादराव आनंदानं ओरडायचे. "मागच्या जन्मी टाळकरी असणार ही!"

"टाळकरी कसली, कोकलतेय बिचारी. हळू घ्या!"

"बाबा, इट्स अ वॉर्निंग. लिटरली," मागून अस्मी म्हणायची.

"अगं, नामस्मरणाला कसली वॉर्निंग?"

आजवर मला कुणी दाद दिली नव्हती. या माणसाला माझा आवाज आवडला, म्हणून मी सुखावले. पण ज्या आवाजानं थांबायचं, त्याच आवाजावर हे धावत होते. मी वाजावं, त्यांनी "वा!" म्हणावं, काटा आणखी चढावा. आणि मग रस्त्याकडेच्या रडारचा प्रकाश लख्खकन डोळ्यांवर यावा. मागोमाग मोबाइलवर दंडाचा मेसेज, आणि लायसन्सवर आणखी ब्लॅक पॉइंट, म्हणजे नियम मोडल्याचे काळे गुण.

दर महिन्याला एका शनिवारी अबू धाबीजवळच्या खलिफा सिटीत हेमचंद्र नावाच्या स्नेह्यांच्या विलामध्ये कीर्तन असे. त्याला तबल्याची साथ करायचे बाबाजी. ते रास अल खैमात मुलाकडे राहायचे. मुलाला शनिवारीही ड्यूटी. त्यामुळे त्यांना नेणार-आणणार आमचीच गाडी. यंदा दत्तजयंतीला तर पुण्याहून कीर्तनकार छायाताई यायच्या होत्या. बाबाजींनी तबल्याला नवी शाई भरून घेतली होती. आणि नेमका तेव्हाच शेवटचा मेसेज आला. आणखी एकदा सापडलात, तर लायसन्स काही महिन्यांसाठी जप्त.

"मग बाबाजींचा तबला काय उंटावर घालून नेणार?" उर्मिलाताई म्हणाल्या.

प्रल्हादरावांचं तोंड उतरलं. त्यांनी त्याच दिवशी अतिवेगानं गाडी चालवणाऱ्यांसाठीच्या वर्गाला नाव घातलं. तो नीट पुरा केला, तर काही पॉइंट उतरणार होते.

वर्ग हिंदीतून. शिकवायला नबिला मॅडम, मूळच्या हैदराबादच्या, वाढलेल्या शारजात. पहिल्या दिवशी वर्गातून परतताना वाटेत उर्मिलाताईंना घेतलं, तेव्हा प्रल्हादराव नुसते फुलून आले होते. "उर्मिला, काय निरूपण केलं बाईंनी! ब्रेक दाबल्यावर गाडी किती लांब जाऊन थांबते, काय दृष्टांत दिला! डोळ्यांत पाणी आलं गं!" हे सांगता सांगता काटा चढला आणि मी वाजू लागले.

"वर्गात नेमकं शिकलात काय?" उर्मिलाताईंनी शांतपणे विचारलं.

शेवटच्या दिवशी मॅडम प्रत्येकाच्या गाडीत बसून चक्कर मारायच्या. ती नीट झाली तरच वर्ग पुरा झाल्याची सही. आमच्या गाडीत बसून त्यांनी पट्टा लावला. "जैसे रोज चलाते हो वैसे चलाओ. और जो रोज सुनते हो, वो भी लगाओ."

हे ऐकून प्रल्हादराव खूश! कीर्तन लागलं. मॅडमना मराठी फारसं कळत नव्हतं. पण त्यांची बोटं मांडीवर ठेका धरू लागली. गजर आला, लय वाढली आणि काटा वर निघाला. आता काय होणार, मला दिसत होतं. पण मी काय करू? मी वाजले.

"मॅडम, सुना? हमारी गाडी टाळ धरती है!"

मॅडमनी हात पुढे करून कीर्तन बंद केलं.

गाडीत मी एकटीच उरले. टिंग, टिंग, टिंग. पेटी नाही, तबला नाही, कोरस नाही. मित्रांनो, त्या दिवशी माझा आवाज मलाही पहिल्यांदा तसा ऐकू आला. किती बारीक आणि किती घाबरलेला!

"भाईसाब," मॅडम म्हणाल्या, "जुम्मे को हमारे यहाँ भी लोग मस्जिद में इमामसाब का खुतबा सुनके रो पड़ते हैं. और बाहर आके देखो, किसीकी गाडी के पीछे अपनी गाडी अडाके रखी है! आप इस घंटी को दाद देते हो. इसकी सुनते नहीं."

प्रल्हादरावांनी पाय उचलला. मी थांबले.

"मॅडम," ते हळूच म्हणाले, "मैंने तो कीर्तन को भी जिंदगीभर तालियाँ ही बजाई."

"तो अभी कहाँ देर हुई?" मॅडम हसल्या. "यल्ला, चलो, फिर से लगाओ."

गजर पुन्हा आला. प्रल्हादराव खड्या आवाजात गाऊ लागले. गळा द्रुत लयीत, पाय मात्र ठाय लयीत! काटा एकशेवीसच्या अलीकडेच डुलत राहिला. मॅडमनी जागच्या जागी सही केली आणि उतरताना विचारलं, "ये कीर्तन का लिंक भेजोगे?"

दत्तजयंतीला आम्ही निघालो. मागे बाबाजी, मांडीवर तबला. गजर रंगला, सगळी गाडी गाऊ लागली, ट्रकांमागून ट्रक गेले, आणि मी मुकी.

"बाबा, इट डिडन्ट बीप!" अस्मी टाळ्या पिटत म्हणाली.

"आणि तबला मांडीवरून एकदाही घसरला नाही," बाबाजी म्हणाले.

पोचायला उशीर झाला का? छे! छायाताईंच्या गळ्यात नुकता हार पडत होता.

म्हणून मित्रांनो, हात जोडून एकच मागणं. आई "जपून" म्हणते, बाई फळ्यावर दोनदा लिहितात, रस्त्यावरचा फलक काही सांगतो, तेव्हा त्यांना नुसतं छान म्हणू नका. तेवढा पाय उचला. माझी वाहवा कुणी केली नाही तरी चालेल.

आत्ता मी विलाबाहेर, कडुनिंबाखाली उभ्या गाडीत आहे. भिंतीपलीकडून बाबाजींचा तबला घुमतो आहे. वाटेत मला एकदाही वाजावं लागलं नाही, म्हणून तो वाजतो आहे.