पितळेवरचा पराक्रम

मित्रांनो, मी एक जुना शब्द आहे. शब्द कसले स्वतःचे आयुष्य सांगणार, असे म्हणून हसू नका. जुनी छत्री बोलते, फुटकी पाटी बोलते, मग ज्याचा जन्मच तोंडात झाला त्याने का बोलू नये?

माझे नाव पराक्रम. माझा जन्म एखाद्या रणांगणावर झाला असेल असे तुम्हांला वाटत असेल. छे! फार पूर्वी संस्कृत बोलणाऱ्यांकडे 'क्रम्' नावाचा एक धातू होता. त्याचा अर्थ एवढाच, की पाऊल टाकणे. त्याच्या आधी 'परा' येऊन बसला, तसे पाऊल पुढे पडू लागले, माणूस चाल करून जाऊ लागला आणि मी झालो. माझ्या जन्माच्या वेळी ना तलवार होती ना ढाल.

पुढे मात्र थोरामोठ्यांनी मला उचलून धरले. राजांनी मला दगडावर कोरले, भाटांनी गायले, शाळांनी ढालींवर बसवले. खोटे कशाला सांगू, मी शेफारलो. घराघरांत माझी गत निराळी होती. कोणी दुधाचे पातेले उपडे केले, की आई कमरेवर हात ठेवून म्हणणार, "केलास पराक्रम!" असा संताप यायचा म्हणून सांगू!

गेली तीस वर्षे माझे येणेजाणे एका कोरीवकाम करणाऱ्या काकांकडे होते. दुकान कसले, जिन्याखालची चिंचोळी खोली. पितळेचे पत्रे, छिन्न्या, हातोडी आणि कोरलेल्या अक्षरांत भरायचा काळा रंग. काकांचा एक शिरस्ता होता. कोणतीही पाटी कोरण्याआधी ते शब्दकोश उघडून बघत. पण बघायचे ते ऱ्हस्वदीर्घ तेवढे. अर्थाशी त्यांना काही देणेघेणे नव्हते. मला त्यांनी शेकडो वेळा कोरले असेल, पण तू कोण, असे एकदाही विचारले नाही.

एके दिवशी पलीकडच्या गल्लीतल्या पाळणाघराचे काम आले. तिथे आग लागली होती आणि मुले सांभाळणाऱ्या मावशींनी धुराने भरलेल्या खोलीतून चार लेकरे सुखरूप बाहेर काढली होती. पालकांनी मिळून पाटी करायची ठरवली. 'मावशींच्या पराक्रमास, सर्व पालकांकडून.' काकांनी मला छान टपोरा कोरला. मी पितळेवर ऐटीत बसलो.

कार्यक्रमाच्या आदल्या दुपारी खुद्द मावशीच दुकानात आल्या. पन्नाशीच्या, उजव्या हाताला पांढरी पट्टी. पाटीकडे बघून म्हणाल्या, "काका, तेवढा एक शब्द खोडा."

"पितळेवर कोरलंय, मावशी. खोडायला ती काय पेन्सिल आहे? का, चुकलंय का काही?"

"शब्दच चुकलाय." त्या स्टुलावर मटकन बसल्या. "मी पळाले होते हो! मीटरच्या पेटीतून ठिणग्या उडाल्या, धूर आला, आणि लेकरांना तिथंच टाकून मी धूम ठोकली. पार फाटकापर्यंत. मग चौघांतल्या धाकटीचं रडणं कानावर आलं, तशी मागे फिरले. लोक जमले ते नंतर. त्यांनी मला मुलांना घेऊन बाहेर येतानाच पाहिलं."

"हे कोणाकोणाला ठाऊक आहे?"

"आता तुम्हाला. सांगितलं तर उद्यापासून माझ्याकडे मूल कोण ठेवेल? आणि नाही सांगितलं, तर रोज त्या पाटीखालून ये-जा कोणत्या तोंडाने करू?"

मित्रांनो, मला त्या बाईचा राग आला. राजेरजवाड्यांत वावरलेला मी, आणि पळालेल्या माणसाच्या नावाशेजारी बसू? काकांनी आपली छिन्नी उचलावी आणि मला खरवडून टाकावे, असे मला वाटले.

काकांनी छिन्नी उचलली नाही. त्यांनी कोश ओढला, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि या वेळी ते माझ्या पुढचा मजकूर वाचू लागले. "पाऊल पुढे टाकणे, चाल करून जाणे. कमाल आहे! तीस वर्षं हा शब्द कोरतोय, आणि वाचला आज." मग मावशींकडे बघून त्यांनी विचारले, "परत आत गेलात तेव्हा भीती गेली होती का?"

"कसली जातेय! पाय नुसते लटलटत होते."

"तरी पुढे पडलेच ना? न घाबरता पडले पाहिजेत, असं काही यात लिहिलेलं दिसत नाही. मी काही पंडित नाही, मावशी. हवं तर पाटी उलटी करतो, मागची बाजू कोरी आहे. बोला, काय कोरू?"

मावशींनी पाटी हातात घेऊन पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाल्या, "राहू द्या. पण उद्या आधी मी पालकांना सगळं सांगणार. पाटी लावायची की नाही ते ऐकून ठरवू देत त्यांना."

मी वरमलो. एवढा मोठा म्हणवून घेणारा मी, आणि माझा स्वतःचा अर्थ मीच विसरलो होतो.

दुसऱ्या दिवशी पाळणाघरात पालक मुलांच्या चिमुकल्या खुर्च्यांवर गुडघे पोटाशी घेऊन कसेबसे बसले होते. मावशींनी उभे राहून काही न लपवता सगळे सांगितले. धाकटीच्या आईने आपली मुलगी उचलली आणि ती निघून गेली. मावशी खाली बघत उभ्या राहिल्या. शेवटी एक बाबा म्हणाले, "लावा हो पाटी. त्या धुरात आपण तरी शिरलो असतो का, कोणास ठाऊक." पाटी लागली, पण टाळ्या कोणीच वाजवल्या नाहीत.

तीन दिवस धाकटीचा पाळणा रिकामा होता. मावशी रोज सकाळी त्यातली चादर बदलत आणि फाटकाकडे बघत.

चौथ्या दिवशी धाकटीची आई आली. पोरगी तिच्या खांद्यावर मलूल पडली होती. "हिला जरा कणकण आहे," ती म्हणाली. "मला आज रजा नाही. शेजारणीकडे ठेवणार होते, पण मन घेईना." आणि तिने मुलगी मावशींच्या हातात दिली.

"द्या इकडं," मावशी म्हणाल्या. त्या पोरीला छातीशी धरून आत गेल्या. भिंतीवरच्या माझ्याकडे त्या दोघींपैकी कोणीही बघितले नाही, आणि मला त्याचे मुळीच वाईट वाटले नाही.

मित्रांनो, मला जपून वापरा. ऊठसूट कोणाच्याही गळ्यात मला बांधू नका. पण कोणी एकदा घाबरले, म्हणून त्याच्यापासून मला कायमचा हिरावूनही घेऊ नका. कधी तुमच्यावरही पळायची वेळ येईल. पळालात तर फाटकाशी क्षणभर थांबा आणि आत कोणी राहिले आहे का, ते ऐका.