मळी मुरेपर्यंत

जरा कल्पना करा, पोरांनो. तुमच्या गल्लीच्या टोकाला एक मोकळी जागा आहे. कालपरवापर्यंत तिथं फुटक्या बादल्या, जुन्या टायरी आणि बाभळीची झुडपं होती. आज तिथं चौदा वाफे आहेत, घरटी एक, आणि प्रत्येक वाफा एकेका पोराच्या ताब्यात. मोठ्यांनी पाणी ओढायला मदत करायची, बाकी लुडबूड करायची नाही. असा वाफा मिळाला तर तुम्ही काय लावाल? घाई नको, विचार करून ठरवा.

गडहिंग्लजच्या एका गल्लीतल्या सुष्मितानं वांगी लावली. साल होतं अठ्ठ्याण्णव. गल्लीनं गणपतीतच ठरवलं होतं की यंदा संक्रांतीच्या आदल्या दिवशीची, भोगीची भाजी बाजारातून आणायची नाही. सगळं आपल्या जागेत पिकवायचं. वरण्याच्या शेंगा, गाजरं, हरभरा, शेंगदाणे, सगळ्यांचे वाफे वाटून झाले. पण वांगं नसलेली भोगी कुणी ऐकलीय? वांगी सुष्मिताकडं आली, आणि दहा वर्षांची ती पोर घरातल्या घरातसुद्धा जरा ताठ चालायला लागली.

पोरांचे गुरुजी म्हणजे बसलिंगाप्पा. सगळी पोरं त्यांना अज्जा म्हणायची. जन्मभर नेसरीकडं शेती करून म्हातारपणी ते मुलाकडं राहायला आले होते. ते कुणावर ओरडायचे नाहीत. रोप वाकडं लावलं तर म्हणायचे, "त्याला इचार, बरं वाटतंय का." पोर रोपाकडं बघायचं आणि आपणच नीट लावायचं.

दिवाळी उलटली. साखर कारखान्याचं धुराडं पेटलं. तिथं ट्रॅक्टर चालवणारे जोतीराम काका एक दिवस ट्रॉलीभर मळी घेऊन आले. उसाचा रस गाळल्यावर जो काळा भुसभुशीत गाळ उरतो, ती मळी.

"लई ताकद हाय हिच्यात!" काका गल्लीभर ऐकू जाईल असं बोलले. "दगडाला घाला, दगडाला पालवी फुटंल!"

"ताकद हाय की," अज्जा म्हणाले, "पण कच्ची हाय. शेणाचं पाणी शिंपडायचं, खालवर करायची, संक्रांतीपतोर मुरू द्यायची. तवर कुणी हात लावायचा न्हाय."

सुष्मिताच्या वाफ्याला लागूनच मळीचा ढीग पडला. सकाळच्या थंडीत त्यातून वाफ निघायची आणि गल्लीतली मांजरं त्याच्यावर अंग टाकून झोपायची. शेजारच्या वाफ्यात महांतेशचा वरणा काठ्यांवरून वर चढून आता खाली वाकून बघत होता.

"सुष्मे, तुझी वांगी बसल्यात का उभी हायत गं?" महांतेशनं विचारलं. "लांबनं कळंना म्हणून इचारलं."

सुष्मितानं जीभ दाखवली, पण बोलणं लागलं. तिनं हिशेब केला. मळी मुरणार संक्रांतीला, आणि भोगी त्याच्या आदल्या दिवशी. मग उपयोग काय? दुपारी गल्ली जेवून आडवी झाली तेव्हा ती हळूच आली आणि दोन पाट्या मळी रोपांच्या मुळाशी दाबून वरून माती सारून मोकळी झाली. बारा रोपांपैकी दहांना पुरली. कडेची दोन तशीच राहिली.

तिसऱ्या दिवशी रोपांनी माना टाकल्या. तिनं घागरीवर घागर ओतली. पाचव्या दिवशी पानं कडेनं करपली, आणि आठवड्याच्या आत दहा रोपं वाळून काड्या झाली.

गल्ली जमली. गल्लीचा कारभार बघणाऱ्या बनाबाईंनी कमरेवर हात ठेवून ढिगाकडं बघितलं. "जोतीराम, तुझ्या मळीनं इख घातलं की रं! ढिगाचं पाणी झिरपलं आन् पोरीच्या वाफ्यात गेलं."

"आवं वैनी, आख्खा तालुका घालतोय मळी!"

"तालुक्याचं मला नगं सांगू. संक्रांत झाली की उचल आन् न्हे तुझं सोनं!"

ज्यांचा आवाज चावडीपर्यंत जायचा ते काका मान खाली घालून निघून गेले. दुसऱ्या दिवसापासून त्यांचा ट्रॅक्टर गल्लीच्या तोंडाशी थांबेना.

सगळे पांगल्यावर अज्जांनी एक काडी उपटून सुष्मिताच्या हातात दिली. मुळं तपकिरी, शिजल्यासारखी.

"ताजी मळी आतनं तापती, भट्टीसारखी," ते म्हणाले. "मुरली की गार व्हती. मग हीच मुळं तिच्याकडं पळत जात्यात." बोलता बोलता त्यांनी मुळांना चिकटलेला काळा गाळ बघितला, आणि बघितलंच नाही असं केलं.

तिनं काडी पाठीमागं लपवली. "अज्जा, तुमी सांगणार सगळ्यास्नी?"

"मी काय सांगू? मी कुटं घातलीय?"

एवढंच. पुढं दर रविवारी ते फावडं घेऊन ढीग खालवर करायचे आणि सुष्मिता शेणाचं पाणी शिंपडायची. मळीचा वास गेला, काळा रंग मातकट झाला, ढीग गार पडला तशी मांजरंसुद्धा तिथं झोपायची बंद झाली. ती रोज ठरवायची की आज सांगू. रोज शाळेची घंटा व्हायची, नाहीतर आई हाक मारायची, नाहीतर तिलाच धीर व्हायचा नाही.

भोगीच्या सकाळी वाचलेल्या दोन रोपांवर नऊ वांगी निघाली. जांभळी, काटेरी, तुकतुकीत.

"नऊ वांगी आन् चौदा घरं!" बनाबाई म्हणाल्या. "कुणाच्या घरात देठ द्यायचं आन् कुणाच्या घरात काटं?"

बायका हसल्या, मग विचारात पडल्या. शेवटी बनाबाईंनीच तोड काढली. "घरोघर चुली कशाला? हितंच एक मोठा हंडा चढवू. सगळ्यांची भाजी एकात."

आणि काय सांगू, गल्लीत असा दिवस त्याआधी झाला नव्हता. तीन दगडांची चूल मांडली. कुणी सोलाणे सोलले, कुणी गाजरं चिरली. महांतेशनं दोन टोपल्या शेंगा आणून ओतल्या आणि प्रत्येकाला त्या कुणाच्या ते सांगितलं. तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकऱ्या चौदा घरांतून आल्या. एक पातळ, एक जाड, एक करपलेली. ती कुणाची यावरून दोन सुनांत लटकं भांडणही झालं. भाजीच्या वासानं येणारेजाणारे थांबायला लागले. "या की पावणं, बसा!" म्हणत बनाबाईंनी दोन अनोळखी माणसंसुद्धा पंगतीत बसवली.

जोतीराम काका बोलावलं म्हणून आले आणि अगदी शेवटी बसले.

"जोतीराम, उद्या संक्रांत," बनाबाई भाजी वाढता वाढता म्हणाल्या. "परवाच्याला ढीग हलव बाबा. उनाळ्यात पोरांस्नी परत वाफं करायच्यात."

"हलवतो वैनी," काका म्हणाले. एवढ्या हळू की शेजारच्यालाच ऐकू गेलं.

सुष्मिताच्या हातातला घास हातातच राहिला. तिनं अज्जांकडं बघितलं. अज्जा भाकरी कुस्करत होते, अगदी मन लावून.

ती उठली. पंगतीच्या मधोमध उभी राहिली. नवं परकर-पोलकं, हाताला भाजी लागलेली.

"काकांच्या ढिगानं न्हाय झालं," ती म्हणाली. आवाज फुटेना म्हणून पुन्हा, मोठ्यानं म्हणाली, "मी घातली! कच्ची मळी, दोन पाट्या, चोरून. अज्जा नगं म्हणलं हुतं तरी. काकांचं काय चुकलं न्हाय."

सगळ्या माना तिच्याकडं वळल्या.

"पर गं पोरी," बनाबाईंचा चमचा हवेतच राहिला, "ती मळी चांगली हाय हे कशावरनं? तुझी दोनच रोपं उरल्यात. त्यांच्यावर घालशील?"

सुष्मिता ढिगाकडं गेली. पाटी भरली आणि डोक्यावर घेतली. जोतीराम काका भाकरी हातात धरून उठून उभे राहिले होते. सगळ्यांच्या देखत ती आपल्या वाफ्यात उतरली, परकर वर खोचला आणि राहिलेल्या दोन्ही रोपांच्या बुंध्याशी ओंजळीओंजळीनं ती मुरलेली, गार मळी घालायला लागली.