चार इंच उंच

सोमवारी सकाळी नागेशची पिकअप नाल्यातल्या दगडावर पोट टेकून बसली, आणि तेव्हापासून त्याच्या जिवाची जी घालमेल सुरू झाली ती काही केल्या थांबेना. पुरात गावाचा रपटा, नाल्यावरचा बुटका पूल, उखडून गेला होता. पाणी ओसरलं, पण मागं राहिले ते हे एवढाले दगड. गाडी चौदा वर्षांची, टायर घासून गुळगुळीत, चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे दबून गेलेले. दीड तास गावकऱ्यांनी ढकललं तेव्हा कुठं ती हलली. आणि आत बसली होती त्याची बायको सुवर्णा, पाय सुजलेले, धाप लागलेली.

सुवर्णाच्या दोन्ही किडन्या गेल्या वर्षी कामातून गेल्या. सोमवार आणि गुरुवार, आठवड्यातून दोनदा आदिलाबादला डायलिसिस. नंबर सकाळी नऊचा. त्या सोमवारी नंबर हुकला आणि मशीन मिळायला संध्याकाळचे पाच वाजले. नर्सबाईनं नागेशला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, एक जरी वार चुकला तर छातीत पाणी चढेल. नाल्यापलीकडून ऑटो मिळतो, नाही असं नाही. पण नाला उतरून पुढं फाट्यापर्यंत दीड किलोमीटर चालायचं, आणि सुवर्णाला तर अंगण ओलांडतानाच बसावं लागतं. म्हणजे गुरुवारी गाडी नाला ओलांडून गेलीच पाहिजे. दुसरा इलाज नव्हता.

मंगळवारी नागेश ना धड जेवला ना धड बसला. गाडीखाली शिरायचा, बाहेर यायचा, नाल्यावर जाऊन दगड वितेनं मोजायचा, परत येऊन पुन्हा गाडीखाली. शेवटी त्यानं अंगणात जाहीर केलं, “टायर मोठे लावतो.” झालं. एकानं तोंड उघडायचा अवकाश, साऱ्या गल्लीला अक्कल फुटली.

ज्यांचा कापूस नागेश दरसाल मंडीत नेतो ते उद्धवराव काठी टेकत आले. “मोठे लावशीन तं चढावर दम तोडन ते. इंजिन म्हातारं हाय, बापू.”

“मंग काय करू, काका?”

“हायेत तेवढेच नवे लाव. दगड आपण सबलीनं उपटून काढू.”

“आज उपटले तं उद्या दुसरे येते. पाणी कुठं थांबलं अजून?”

नागेशचा चुलतभाऊ हर्षदीप शाळेत मास्तर. त्यानं काडीनं मातीत गोल काढला. “टायर तीन इंचानं मोठा घेतला तरी गाडी दीडच इंच उचलते, दादा. गोलाचा अर्धा भाग आसाच्या वर, अर्धा खाली.”

“तीन इंचाचा पैसा घेते अन् दीडच उचलते? हे काऊन?” नागेशला ते काही पटेना. हर्षदीपनं दुसरा गोल काढला, मग तिसरा. ओसरीत बाजेवर सुवर्णा लसूण सोलत बसली होती. तिनं चहा मांडू का म्हणून विचारलं, नागेश म्हणाला, “तू बस वं,” आणि पुन्हा गोलांवर वाकला.

बुधवारी पहाटे रिकामी गाडी चार गड्यांकडून दगडांवरून ढकलून घेत तो आदिलाबादला पोचला तेव्हा दुकानं उघडायची होती. पहिल्या दुकानदारानं गाडी बघून नेहमीचाच टायर पुढं लोटला. “जो साइज़ है वही लो भैया, झंझट नहीं.” दुसऱ्या दुकानात मोठे टायर होते, काळेभोर, खाचेत अख्खं बोट जाईल असे. नागेशनं त्यांच्यावरून हात फिरवला आणि त्याचा जीव तिथंच अडकला. पण तो दुकानदार म्हणाला, “लोड में मडगार्ड को लगेगा. पाटे उठवाने पड़ेंगे.” हा निघाला. चहा प्याला. परत पहिल्या दुकानात गेला, तिथून परत दुसऱ्या. फोन काढून उद्धवकाकांना विचारलं, हर्षदीपला विचारलं. रस्त्यावरच्या एका अनोळखी ड्रायव्हरलासुद्धा सोडलं नाही.

अकरा वाजता शेजारच्या गॅरेजातल्या मेकॅनिक सुरेंद्रनं हात पुसत त्याला धरलंच. “नागेशभाऊ, लोकं पोरगी पाहायले एवढ्या चकरा मारत नाही.”

“पोट जमिनीपासून किती उठन, तेवढं सांग.”

“टायरचे दीड इंच, पाट्याचे अडीच. चार इंच धर.”

“दगडाले लागन?”

“नाही लागत. पण स्टेअरिंग जड होईन, डिझेल जास्त पीन, अन् किलोमीटरचा काटा खोटं बोलन.”

“बोलू दे,” नागेश म्हणाला. संध्याकाळी तो उंच झालेल्या गाडीतून घरी आला आणि जेवताना सुवर्णाला सारी हकीकत ऐकवली, कोण काय म्हणालं, कोण कुठं चुकलं. तीन दिवसांत पहिल्यांदा तो पोटभर जेवला. सुवर्णानं सगळं ऐकून घेतलं आणि ताट सारलं.

गुरुवारी सकाळी सहाला पिकअप दारात उभी. सुवर्णा फाइल आणि डबा घेऊन बाहेर आली. तिनं दाराचा दांडा धरला, पाय उचलला. पाय पोचला नाही. मागं सरून तिनं पुन्हा उचलला, तरी नाहीच. तिसऱ्या वेळी पाऊल काठावर टेकलं, पण अंग काही वर येईना.

नागेशनं दगड मोजले होते, टायर मोजले होते, पाटे मोजले होते. ते चार इंच सुवर्णालाही चढावे लागणार, हे मात्र त्या शहाण्याच्या डोक्यात एकदाही आलं नाही.

त्यानं धावत जाऊन घरातला बसायचा पाट आणला. अंगणातल्या मातीवर पाट डुगडुगला, सुवर्णा खाली उतरली. शेजारच्या देवकाबाई हापशीवरून ओरडल्या, “बादली पालथी घालू का?” सुवर्णानं मान हलवून नको म्हटलं.

“थांब, सुरेंद्रले फोन करतो. पाटे उतरवून घेतो,” नागेशच्या तोंडाला जे येईल ते तो बोलत सुटला.

“आत्ता? नऊचा नंबर हाय.”

हापशीवर चार बायका उभ्या. भर उजेडात नवऱ्यानं बायकोला उचलायची तऱ्हा त्या गल्लीत नाही. त्यातून ही सुवर्णा, एके काळी कापसाचं गाठोडं डोक्यावर घेऊन दोन शेतं ओलांडणारी. गाडीत चढताना त्याचा हात ती दर खेपेला झटकून द्यायची. तिनं पिशवी सीटवर ठेवली, हापशीकडं पाठ केली आणि हळूच म्हणाली, “उचला.”

नागेशनं पाय रोवले, दम धरला, उचललं, आणि मागं कोलमडता कोलमडता वाचला. वजनच नव्हतं. दवाखान्यात दर खेपेला कार्डावर तिचं वजन लिहायचे आणि तो कार्डाची घडी घालून खिशात टाकायचा. बाई एवढीशीच उरली आहे हे त्याला आज कळलं. तिला बसवून तो गाडीमागं गेला आणि दुपट्ट्यानं तोंड पुसत उभा राहिला. रडू आवरेना त्याला.

नाल्यात त्यानं गाडी पहिल्या गिअरला घातली. गाडी डुलली, दगडांवरून चढली, उतरली, आणि खालून कसलाही आवाज न येता पलीकडं निघाली.

“आजही एकही लागला नाही,” तो म्हणाला.

सुवर्णा समोर बघत होती. “साऱ्या गावाले इचारलं तुमी. त्या टायरवाल्याले तं दोनदा.”

“चुकलंच माहं. तुले इचारलं असतं तं तू नाही म्हटलं असतं.”

“नाही,” ती म्हणाली. “मोठेच घ्या म्हटलं असतं.”

नागेशनं गाडी आदिलाबादच्या रस्त्याला वळवली. दवाखान्याच्या दारात त्यानं गाडी लावली, फिरून तिच्या बाजूला आला आणि दार उघडलं. हात पुढं येत होते, ते त्यानं आवरले.

“कशी उतरतं?” त्यानं विचारलं.

“खांदा द्या फक्त,” सुवर्णा म्हणाली. “उतरणं जमते मले.”